मागचा प्लग अखेर निघाला

इंजिनातले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) विजेवर गरम करणारा हीटर बसवण्यासाठी मी इंजिनच्या ब्लॉकचे, म्हणजे मुख्य ओतीव भागाचे, आट्यांचे प्लग (बुचे) काढतो आहे. मागच्या बाजूचा जो प्लग गेल्या वेळी जागचा हलायला तयार नव्हता, तो काल रात्री निघाला. पुढचा प्लग रात्रभर तेलात भिजवल्यावर पहिल्याच जोराला सुटला होता, त्यामुळे मागचाही तसाच सुटेल असे मी गृहीत धरले आणि तिथेच फसलो. संचातल्या बिटच्या (प्लगच्या खाचेत घालून फिरवायच्या चौकोनी तुकड्याच्या) कडा गोलसर असल्यामुळे प्लगची चौकोनी खाच झिजून गोल झाली. अशा कामाला टोकापर्यंत धारदार कडा असलेला बिटच हवा.

पुढच्या दोन संध्याकाळी टॉर्चने तापवण्यात गेल्या, पण प्लग लाल होण्याचे नाव घेईना. कारण लक्षात आले तेव्हा स्वतःचाच राग आला: मी रेडिएटर रिकामा केला होता, ब्लॉक नव्हे, आणि आतले कूलंट सगळी उष्णता खाऊन टाकत होते. ब्लॉकचा ड्रेन (कूलंट बाहेर काढायचे भोक) उघडला तर थेंबही येईना. तारेने टोचल्यावर आधी तपकिरी गाळ आणि मग कूलंट आले.

एक्स्ट्रॅक्टरच्या (अडकलेला प्लग आत रुतून उपसणाऱ्या हत्याराच्या) वाटेला मी गेलो नाही, कारण तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादावर साधा ड्रिल चालत नाही. बॅटरीची अर्थ वायर काढून प्लगवर नट वेल्ड केला, तो तुटून हातात आला. दुसरा मोठा नट घेऊन त्याच्या पोटातून वेल्ड भरला, लाली उतरू दिली आणि कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढले जाताना स्पष्ट दिसत होते. प्लग आधी किंचित आवळला, मग सोडवला, आणि असे केसभर पुढे-मागे करता करता 'कर्र' असा आवाज झाला. बाहेरचे आटे गंजाने काळे पडले होते, मधले मात्र नव्यासारखे चकचकीत निघाले.

हीटर याच भोकात बसवायचा होता. पण एलिमेंटच्या (हीटरच्या आत जाणाऱ्या तापत्या भागाच्या) मापाची तार वाकवून आत घातली, तर ती सिलिंडरच्या भिंतीला टेकते, आणि तसे टेकलेले एलिमेंट फार दिवस टिकत नाही. पुढच्या भोकात तीच तार मोकळी फिरते! म्हणजे हीटर पुढे जाईल. मागचे भोक खालच्या अंगाला असल्यामुळे तिथे ड्रेन कॉक (कूलंट सोडायची तोटी) बसवावा, असे हे लिहितानाच सुचले. आटे निमुळते असल्यामुळे टॅप (आटे पाडायचे व साफ करायचे हत्यार) जास्त आत गेला तर भोक मोठे होईल, म्हणून तो हातानेच आणि फक्त घाण निघेपर्यंत फिरवणार आहे. कूलंट भरून, हवा पूर्ण काढून, गळती तपासल्याशिवाय हीटरला वीज देणार नाही, कारण कोरडे एलिमेंट लगेच जळते.