मायचं सेलवरचं मांजर

वडील गेल्यापासून माय अमळनेरजवळच्या गावी एकटी आहे. पुण्याला यायचं नाव काढलं की तिचं डोकं दुखायला लागतं.

आधी बोलका स्पीकर बसवला. वाय-फाय, अ‍ॅप, ओटीपी करता करता अख्खा रविवार गेला. माय अहिराणीत विचारणार, "आज काय वार शे?" आणि आतली बाई हिंदीत माफी मागणार. तिसऱ्या दिवशी मायने त्यावर टोपलं पालथं घातलं.

मग पारोबद्दल वाचलं. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून खपून बनवलेलं यंत्र, दिसायला सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू. कुरवाळलं की डोळे मिटतं, हुंकारतं. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. शब्द नाहीत, म्हणजे भाषेचा घोळच नाही! पण किंमत लाखांत. शेवटी भाच्याने अमेरिकेहून तसंच एक साधं, सेलवर चालणारं मांजर आणलं.

मायने ते उताणं केलं, पोटाखालचं झाकण पाहिलं आणि विचारलं, "उंदीर धरस का हाई?"

शिबातांनी सील का निवडला, ते तेव्हा कळलं. मांजर कसं असतं हे सगळ्यांना ठाऊक. सील कुणी घरात पाळलेलाच नसतो, मग तुलना कशाशी करणार?

तरी आठवडाभराने पाहतो तर शेंगा फोडताना मांजर मांडीशी. डावा हात त्याच्या पाठीवर, ते घुरघुरतंय, आणि माय त्याला भावकीतल्या वाटणीची जुनी भानगड सांगतेय. ते खोटं आहे हे तिला पक्कं माहीत आहे. मध्येच कुणाला सांगत नाही म्हणून शाबासकीही देते.

खरी कटकट सेलची. घड्याळाचे छोटे चालत नाहीत, मोठ्या बॅटरीचे जाडे बसत नाहीत. मधल्या मापाचे चार लागतात. अमळनेरला चार दुकानं फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "ट्रान्झिस्टर गेले, तसे हे पण गेले." शेवटी ऑनलाइन प्लास्टिकच्या डब्या मिळाल्या. छोटा सेल डबीत घातला की मधल्याच्या मापाचा होतो. सोबत चार्जिंगचे आठ सेल घेतले, चार आत, चार चार्जरला. हे आधी कळलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

उंदरांसाठी मायने शेजारून खरं पिल्लू आणलंय. ते याच्यावर फिस्कारतं.

पूर्वी फोन मीच करायचो. परवा सकाळी सातला तिचा आला, "भाऊ, सेल सरी गयात." चहा झाला का, मी विचारलं.

"ते मंग. पहिले सेल सांग, कोणता डबीमा टाकू?"