साठ की सात?

“साठ ब्लँकेट पाठवा, ओव्हर.”
पलीकडून उजळणी आली, “सात ब्लँकेट. बरोबर?”

पूर आल्याचं गृहीत धरून चाललेला आजचा हॅम म्हणजे हौशी रेडिओचा सराव. चूक कुणाचीच नाही. एसएसबीवर (आवाज पाठवायची कमी जागा घेणारी रेडिओ पद्धत) आवाज साधारण पावणेतीन किलोहर्ट्झच्या आत कापला जातो, वर खरखर. त्यात ‘ठ’ आणि ‘त’ सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा सुटासुटा सांगायचा: “सहा, शून्य.” आणि ऐकणाऱ्याने लिहून परत वाचायचा. आज निदान वाचला तरी!

बाकी मांडणी चोख होती. 40 मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी अँटेना म्हणून वीस मीटर तार, मुद्दामच जेमतेम चार मीटर उंच. एवढ्या खाली असली की लहरी सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरचा टापू डोंगरासकट भरून निघतो. रात्र चढली की हे बहुधा बंद होतं, मग 80 मीटर बँड. त्याची दुप्पट लांब तार मात्र कुणीच आणली नव्हती.

दुसरी खोड, शंभर वॉटवर बोलणं. तेव्हा सेट वीसेक अँपिअर ओढतो. 7 अँपिअर-अवरची बॅटरी सलग बोलण्यात पाव तास टिकली तरी नशीब. वीस वॉटवर आणा, समोरच्याच्या मीटरवर साधारण एका एस-पॉइंटचा (सिग्नलच्या जोराची एक पायरी) फरक पडतो.

2004च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून हॅम भारती प्रसाद आणि सहकाऱ्यांनी लोकांची खुशाली अशीच रेडिओवरून कळवली होती. तिथे एखादं नाव चुकीचं ऐकलं गेलं असतं तर?

तुमच्या नेटवर (हॅमच्या ठरलेल्या रेडिओ-बैठकीत) आकडे मराठीत सांगता की इंग्रजीत?