गावदेवी मैदानातली वारली

ऑफिसातून येताना ठाण्याच्या गावदेवी मैदानातल्या बचत गटांच्या प्रदर्शनात सहज डोकावले आणि एका स्टॉलपुढून पाय हलेचना. जव्हारकडच्या एक काकू आणि त्यांची लेक, दोघी शेजारी शेजारी बसून वारली काढत होत्या. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची बारीक काडी, तिचं टोक चावून ब्रश केलेलं. लेक आधी टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढायची, मग डोकं, मग हातपाय, आणि खाली पेन्सिलची एक रेघसुद्धा नाही हां! काकू म्हणाल्या, "ताई, शिकवलं कोणी नाही, आईच्या बाजूला बसून बसून हात वळला."

मुळात हे काम बायकांचं, लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढायच्या, मधे पालघट ही लग्नाची देवी. पुढे १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंनी ते कागदावर आणलं, लग्नविधीच्या पलीकडे रोजचं जगणं काढलं, २०११ ला पद्मश्री मिळाली, त्यांची मुलंही चित्रकार झाली. आणि हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं, पालघर वेगळा झाला तो २०१४ ला! तरी आपल्या सोसायट्यांच्या लॉबीत वारलीचे छापील स्टिकर लावतात, मला ते मनापासून खटकतं, हाताने काढणारी माणसं इतकी जवळ असताना कशाला?

मी तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचं एक चित्र घेतलं, हॉलमध्ये लावणारे. स्टॉल रविवारपर्यंत आहे, ठाणेकरांनो मुलांना घेऊन जा, काकू त्यांना काडी हातात देऊन काढू देतात. आणि प्लीज, तिथे घासाघीस करू नका.