टाकीवरचा तिसरा बल्ब

रात्रीचे साडेनऊ झाले असतील, नुकताच जेवून उठलो होतो आणि माशांच्या टाकीकडून टक् असा आवाज आला, पाठोपाठ काळोख. बघतो तर बल्बची काच फुटून पाण्यात आणि बुडखा होल्डरमध्ये तसाच लटकलेला. आधी मेन स्विच पाडला, मग पाण्यात हात घातला, तुमच्याकडे झालं तर हाच क्रम ठेवा. आई आतूनच म्हणाली, "माशांक दिवो कित्याक व्हयो रे? मासो खावचो असता, बघूचो नसता." वेंगुर्ल्यात राहून घरात मासे पाळायचे म्हणजे हे ऐकावंच लागतं.

हा वर्षभरातला तिसरा बल्ब. दोन फुटी टाकी, वर सुताराकडून करून घेतलेलं झाकण, आत साधा ४० वॉटचा पिवळा बल्ब, कारण तो उजेड मला आवडायचा. पण असला बल्ब वीज खातो त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत घालवतो, म्हणजे मी टाकीवर छोटी शेगडीच ठेवली होती. त्या तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला की तेवढीच जागा पटकन आकसते, बाजूची काच गरमच राहते आणि तडा जातो.

थेंब उडवतो कोण, तर मला वाटायचं मासे. मग एकदा झाकण जरा उचलून टॉर्च मारून बघत बसलो. एअर स्टोनचे, म्हणजे पंपाची हवा पाण्यात सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे, बुडबुडे वर येऊन फुटत होते आणि दर फुटण्याला बारीक तुषार उडत होते, सोडा ओतल्यावर ग्लासवर उडतात ना तसे, आणि स्टोन नेमका बल्बच्या खाली! बल्बवर क्षाराचे पांढरे ठिपके आधीपासून दिसत होते, मी ते धूळ समजून पुसायचो.

मग शहाणपणा केला. सीएफएल आणला, त्याच्याभोवती प्लास्टिक गुंडाळलं, झाकणाच्या फटी टेपने बंद केल्या. पाणी उडायचं थांबलं पण उष्णता जाणार कुठे, सीएफएलच्या बुडातलं सर्किट दोन महिन्यांत गेलं आणि प्लास्टिक करपून तांबडं. त्यात मे महिना, पाणी गरम, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे टेट्रा मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. गोरामी तेवढा निवांत, तो वरची हवा पण घेतो.

आता काय केलंय तर टाकीच्या कडेवर ४ एमएमची काच आडवी ठेवलीय, कोपऱ्यात पाइप आणि खाण्यापुरती जागा सोडून. दिवा काचेच्या वर, दोन बोटं अंतरावर, आणि झाकणाला मागून भोकं पाडलीत. म्हणजे खालून बंद, मागून उघडं. काचेऐवजी अॅक्रिलिक घेऊ नका, वाकतं. एअर स्टोन दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला, हे फुकटातलं काम होतं आणि खरं तर पहिलं तेच करायला हवं होतं. दिवा आता एलईडी. तो कमी तापतो हे खरं, पण त्याच्या आतल्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, उष्णता सोसत नाही, तेव्हा एलईडी आहे म्हणून डब्यात कोंडू नका. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला, खोक्यावर बघितलं तर आयपी ६५, म्हणजे पाणी उडालं तर चालेल, बुडवलं तर नाही.

आणि आपल्याकडची खारी हवा विसरू नका. जुना होल्डर खोलला तर आतल्या पितळी पिना हिरव्यागार, बल्ब जरा हलला की चरचर आवाज. तो फेकून चिनी मातीचा लावला. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ देऊन वर घेतलीय, वायरवरून पाणी आलं तर झोळातून खाली टपकतं, सॉकेटात शिरत नाही. वायरमनकडून ३० मिलीअँपचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पण बसवून घेतला, त्याच्या पैशावरून घरात दोन दिवस बोलणं झालं.

काचेला खालून घाम येतो, क्षार धरतो, मग उजेड मंद. पंधरा दिवसांनी बाहेर काढून अर्धं लिंबू घासतो आणि साध्या पाण्याने धुऊन परत ठेवतो, त्याआधी दिवा बंद करून गार होऊ द्यायचा. लिंबांचा हिशेब आई ठेवते.

एक राहिलंय, त्या मागच्या भोकांतून पाली शिरतात उबेला. मच्छरदाणीची जाळी लावायचीय. रविवारी बघतो.