अंगालगतचे रेशीम आणि मराठवाड्याची थंडी

हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी पाहायला येणाऱ्या मंडळींना मी दुर्बिणीखालोखाल एकाच गोष्टीचा आग्रह करतो. स्वेटरच्या आत, थेट अंगाला लागून, रेशमी होजिअरीचा एक पातळ, लांब बाह्यांचा सदरा घालावा आणि जमल्यास पँटच्या आत तशीच विजार असावी. हे ऐकून बहुतेकांना हसू येते, कारण पैठणच्या वेशीवर उभे राहून रेशमाची गोष्ट काढली की समोरच्याच्या डोळ्यांपुढे जरीकाठाची पैठणी येते आणि पैठणी नेसून कोणी गाळात उतरत नाही. मी म्हणतो ते रेशीम मागावरचे नव्हे. बनियनसारखे विणलेले, अंगाबरोबर ताणले जाणारे, मुठीत मावेल इतके मऊ असे ते कापड असते आणि ते कोणाला दाखवण्यासाठी घालायचे नसते.

हा आग्रह का, ते समजण्यासाठी आधी आपली थंडी समजून घ्यायला हवी. मराठवाडा समुद्रापासून दूर आहे, हवा कोरडी असते आणि हिवाळ्यात आभाळ निरभ्र राहते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. तो अपवाद म्हणून सोडून दिला, तरी पहाटे ९-१० अंश आणि दुपारी २८-३० अंश असा दिवस आपल्याकडे हिवाळाभर सर्रास असतो. अशा दिवशी शाल काढता येते, स्वेटर कमरेला बांधता येतो, कानटोपी खिशात जाते. परंतु अंगाला लागून घातलेला कपडा मात्र पहाटे पाचला चढवला की घरी परतेपर्यंत अंगावरच राहतो, कारण धरणाच्या भिंतीवर चारचौघांत उभे राहून तो बदलण्याची सोय नसते. बाजारात मिळणारे जाडजूड थर्मल पहाटे सुखाचे वाटते आणि दहाच्या सुमारास नकोसे होते. म्हणून आतला कपडा असा हवा, की ज्याचा पहाटे उपयोग होईल आणि दुपारी त्रास होणार नाही. या एका कसोटीवर मला रेशमाइतके दुसरे काही उतरलेले दिसले नाही.

कपडा स्वतः ऊब तयार करत नाही. त्वचेलगत अडकून राहिलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. रेशीम उष्णतेचे मंद वाहक आहे आणि त्याचे तंतू अतिशय बारीक असल्यामुळे पातळ विणीतही हवेचे असंख्य कप्पे धरले जातात. त्याहून महत्त्वाचा आहे तो ओलाव्याशी त्याचा व्यवहार. रेशीम हे प्रथिन आहे आणि ते हवेतली तसेच त्वचेवरची वाफ स्वतःच्या तंतूत ओढून घेते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरून ठेवते, सुती कापड साधारण ८ टक्के, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की किंचित घाम आला तरी तो थेंब होऊन पाठीवर ओघळण्यापूर्वीच रेशमात शिरतो, कापडभर पसरतो आणि हळूहळू उडून जातो. अंगाला ओलेपणा जाणवत नाही.

सुती बनियनवर माझा राग आहे तो याच कारणाने. गाडी लावून बांधाबांधाने, खांद्यावर तिपाई घेऊन वीस मिनिटे चालत पाण्यापर्यंत गेले की थंडीतही पाठ ओलावते. त्यानंतर पक्षीनिरीक्षक काय करतो, तर एका जागी बसतो. समोर चक्रवाकांच्या जोड्या आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब असतात, उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी करून चरत असतात आणि पाण्यावरून येणारा वारा थेट ओल्या बनियनला भेटतो. सुती कापड तो घाम धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि हवा अडकायला जागाच उरत नाही. त्या वेळी वरती दोन स्वेटर असले तरी पाठीच्या कण्यातून जी हुडहुडी निघते, ती थांबत नाही. रेशमी सदरा चालताना तितकाच घाम पितो, पण तो पातळ असल्यामुळे बसल्यावर लवकर कोरडा होतो. पॉलिस्टर त्याहूनही लवकर वाळते, हे कबूल करायला हवे. मात्र अंगाचा वास त्यात असा काही बसतो, की दुपारी परतीच्या जीपमध्ये शेजारच्याची पंचाईत होते. रेशमाला वास लागतो, पण पुष्कळ कमी आणि रात्रभर वाऱ्यावर टांगले तर बराचसा निघूनही जातो.

मेरिनो लोकरीचा पक्ष घेणारे मित्र माझ्याकडेही आहेत आणि कडाक्याच्या थंडीत त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण त्याच जाडीत लोकर जास्त ऊब देते आणि भिजल्यावरही ती ऊब बऱ्यापैकी टिकवून ठेवते. परंतु तितकी ऊब आपल्या दुपारला नको असते आणि ज्यांच्या अंगाला लोकर टोचते त्यांना कितीही बारीक धाग्याची दिली तरी त्यांची खाज जात नाही. रेशमाचा तंतू गुळगुळीत असतो. कोसल्यातून, म्हणजे रेशीमकिड्याच्या कोषातून, तो जवळजवळ हजार मीटर सलग निघतो, त्यामुळे टोचणारी टोके कमी. वरच्या कपड्याची बाही त्यावरून सहज घसरते. चार कपडे एकावर एक घातल्यावर कोपरात आणि काखेत जो बोंगा जमतो, तो इथे होत नाही.

हा गुळगुळीतपणा एका बाबतीत मात्र आडवा येतो. आपल्या कोरड्या थंडीत हातांना भेगा पडतात आणि अशा हाताने रेशमी सदरा ओढून चढवला की बोटाच्या टोकाशी, नखाच्या कडेच्या कातडीत, एखादा धागा अडकतो. बारीक चर्र असा आवाज येतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. म्हणून मी आदल्या रात्री हातांना खोबरेल लावतो आणि सकाळी ते पुसूनच सदऱ्याला हात लावतो. बाहेरचा कपडा म्हणून रेशीम आपल्या रानात एक दिवसही टिकायचे नाही, कारण बाभळीचा काटा आणि कुसळी गवताची टोके त्याची चाळण करतील. ते आत राहते म्हणूनच वाचते.

हुरड्याच्या दिवसांत रेशमाचा आणखी एक गुण कामाला येतो. शेतात आगटी पेटवलेली असते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजली जात असतात आणि गप्पांच्या ओघात माणसे विस्तवाला खेटून बसतात. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळते आणि वितळलेला गोळा कातडीला चिकटतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो विसरत नाही. रेशीम वितळत नाही. ते केसासारखे करपते आणि विस्तव दूर झाला की बहुधा आपोआप विझते. आता त्याच शेतात रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला मी रेशीम घे म्हणेन का? नाही. गुडघाभर चिखलात बारे मोडणाऱ्या माणसाला आधी कोरडे गमबूट, लोकरीची टोपी आणि शक्य झाले तर दिवसाची वीज हवी. अंगातल्या कपड्याची चर्चा त्यानंतरची.

जिथे रेशीम कमी पडते ते ठिकाणही सांगितले पाहिजे. नांदेडहून सुटणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठून पुढे उत्तराखंडात ट्रेकला जाणारी तरुण मुले आता आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांपैकी कोणी विचारले तर मी चढाईसाठी रेशीम सुचवत नाही. पाठीवर ओझे घेऊन सलग चार-पाच तास चढताना इतका घाम येतो, की पातळ रेशमाची तो पिण्याची आणि उडवण्याची क्षमता संपते. ते चिंब होते आणि खिंडीत वारा सुटला की गारठवते. शिवाय रेशीम ओले असताना अशक्त होते, त्यामुळे पाठपिशवीच्या पट्ट्याखाली सतत घासले जाऊन ते खांद्यावर विरते. चढताना लोकर किंवा पॉलिस्टर घालावे आणि तंबूत पोहोचल्यावर कोरड्या रेशमी कपड्यात शिरावे, हा मला पटलेला मार्ग. एक सदरा आणि एक विजार मिळून वजन नगण्य, घडी केल्यावर जागा डब्यातल्या दोन पोळ्यांइतकी आणि स्लीपिंग बॅगेत ते अंगावर असले की पिशवीचे अस्तरही स्वच्छ राहते.

रेशीम अंगालगत वापरण्याची कल्पना आपल्याला तशी परकी नाही. कडाक्याच्या थंडीत पहाटे अंघोळ करून उघड्या अंगाने पूजेला बसणारी जुनी माणसे मुकटा, म्हणजे सोवळ्याचे रेशमी वस्त्र, नेसत. कारण सोवळ्याचे होते, पण ओल्या अंगावर तो चटकन कोरडा होई आणि ऊबही देई, हा लाभ नाकारता येणार नाही. दुसरीकडे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू या रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाबरोबर मशरूही विणला जात असे आणि त्या मशरूची रचना नेमकी उलटी होती: झळाळणारे रेशीम बाहेर आणि सूत आत, अंगाकडे, कारण मुसलमान पुरुषांनी रेशमाचा त्वचेला स्पर्श होऊ देऊ नये असा धार्मिक दंडक होता. ऐन उन्हाळ्यात ती रचना सोयीचीही असणार. थंडीतल्या रानात मात्र मला मुकट्याचीच बाजू घ्यावी लागते.

खरी खंत वेगळीच आहे. तुतीची लागवड, अंडीपुंज, चॉकी (कोवळ्या अळ्यांचे संगोपन), चंद्रिका (अळ्या कोष विणतात ती चाळणी) हे रेशीमशेतीतले शब्द आता जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत कापूस-सोयाबीनइतकेच सवयीचे झाले आहेत. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाल्यापासून ती पायपीट पुष्कळ कमी झाली. परंतु ज्या कोषांतून सलग धागा निघत नाही, असे फुटके, डागी किंवा जोडकोष पिंजून, कातून जे सूत तयार होते, त्याची होजिअरी उत्तम होते आणि ती मात्र मी आपल्या भागातल्या एकाही दुकानात पाहिलेली नाही. पिकवणारे आपण आणि तयार सदरा बाहेरून मागवणारेही आपणच. कोष उकळताना आतला जीव मरतो, म्हणून रेशीम न वापरणारे माळकरी आणि जैन मित्र मला आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषाचे कातीव रेशीमही मिळते एवढे सांगून थांबतो.

खरेदी करताना ‘सिल्की’ या शब्दावर जाऊ नये. सॅटिन हा विणीचा प्रकार आहे आणि तो बहुधा पॉलिस्टरचा असतो. भारतीय मालावर सिल्क मार्कचे, म्हणजे अस्सल रेशमाची हमी देणारे, लेबल पाहावे, ही व्यवस्था २००४ पासून आहे. लेबल नसेल तर शिवणीच्या आतला एखादा धागा मागून काडीवर जाळून पाहावा: जळक्या केसाचा वास आणि चिमटीत चुरा होणारी काळी राख आली तर रेशीम, टणक मणी झाला तर पॉलिस्टर. माप अंगाबरोबर असावे, कारण सैल सदऱ्यात हवा खेळत राहते आणि ऊब निघून जाते; फार तंग घेतला तर काखेतली शिवण पहिल्या हिवाळ्यातच उसवते. किंमत साध्या थर्मलच्या कित्येक पट असते, म्हणून एकदम जोड घेण्यापेक्षा आधी फक्त सदरा घ्यावा.

धुण्याची रीत चुकली तर हा खर्च वाया जातो. डाग काढणाऱ्या बहुतेक पावडरींत प्रथिने विरघळवणारी एन्झाइम असतात आणि रेशीम स्वतःच प्रथिन असल्यामुळे ती डागाबरोबर कापडालाही खातात. सोडा आणि ब्लीचिंग पावडर तर लांबच ठेवावी. रिठ्याचे पाणी किंवा सौम्य द्रव साबण, थंड पाणी, हलक्या हाताने दाबून धुणे, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढणे आणि सावलीत वाळवणे, इतके पुरते. आपल्या उन्हात रेशीम पिवळे पडते आणि कुजल्यासारखे फाटते. होळीनंतर कपडे ठेवून द्यायचे झाले तर धुऊन, पूर्ण कोरडे करूनच ठेवावेत, कारण घामाचा अंश राहिलेल्या जागीच कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, आधी लागते. घडीत वेखंडाचे तुकडे सुती चिंधीत बांधून ठेवावेत, डांबरगोळी थेट कापडावर टाकू नये आणि पावसाळ्यात एकदा घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालावी, म्हणजे त्याच रेघेवर धागा तुटत नाही.