आमची वाटचाल : गरम इंजिनाचा आकडा

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर ऑइल प्रेशरचं एक जुनं मीटर टांगलेलं आहे. शून्य ते दहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला), पितळी कडं, काच एका बाजूला तडकलेली, मागे दोन मीटर तांब्याची नळी. १९८८ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी घेतलं. आत वाकवलेली पोकळ नळी असते. तेलाचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. वायर नाही, अर्थिंग नाही, सेन्सर नाही. मुलाने आता डिजिटल मीटर आणलंय, चांगलं आहे, पण इंजिन दारातून बाहेर पडण्याआधीचा शेवटचा आकडा मी याच काट्यावर घेतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. सहा वर्षं. पहिलं वर्ष नुसतं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, धुण्यात गेलं. तिथेच लेथवर काम करणारा एक दोस्त भेटला आणि आम्ही दोघांनी मिळून कराडला महामार्गालगत पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. इंजिन मी उघडायचं, वळायचं-घासायचं काम त्याने करायचं. प्रत्येक कंपनीच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, जिथे मीटर जोडायचं त्या ऑइल युनिटच्या भोकाचे आटे वेगळे. म्हणून त्याने पितळेत सात युनियन, म्हणजे मीटरची नळी जोडायचे तुकडे, वळवून दिल्या: टाटाची, लेलँडची, महिंद्राची, ट्रॅक्टरच्या दोन वगैरे. तो आज नाही. युनियन आहेत, एकीचाही आटा गेलेला नाही. असा हात पुन्हा मला बघायला मिळाला नाही.

त्या काळात आमच्याकडे जास्त करून ६९७ इंजिनाची टाटाची गाडी यायची. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. जुने ड्रायव्हर तिला बेंझच म्हणायचे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ग्राइंडिंगला कोल्हापूरला पाठवायचो, परत आल्यावर प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणारा भाग, मायक्रोमीटरने स्वतः तपासायचो. उसाचा हंगाम, चिपळूणची लाइन, पावसाळ्यात थोडी मंदी. वीस वर्षं अशी नीट गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

लिहायचं आहे ते २००९ बद्दल.

एका ट्रान्सपोर्टवाल्या मालकांच्या गाडीचं फुल इंजिन, म्हणजे सगळं उघडून पुन्हा बांधायचं काम, आम्ही दसऱ्याआधी केलं होतं. क्रँक दहा थाऊ, म्हणजे इंचाचा दहा हजारांश भाग, घासून बारीक केलेला, नवीन बेअरिंग, ऑइल पंपाचे गियर नवे. गाडी दिली तेव्हा गरम इंजिन, आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, दीड किलो आणि रेसला चार. हे मी तोंडाने सांगितलं, लिहून दिलं नाही. माझी चूक असेल तर ती एवढीच.

जानेवारीत ड्रायव्हरच्या लक्षात आलं की घाट चढून वर आल्यावर, गाडी उभी केली की काटा एकच्या खाली येतो. त्याने गाडी आमच्याकडे आणायला हवी होती. पण महामार्गावर तेव्हा एक नवीन गॅरेज झालं होतं. मोठा बोर्ड, ड्रायव्हरला चहा, जेवण आणि वर कमिशन. गाडी तिथे गेली. त्यांनी चेंबर उघडलं नाही, डिझेल फवारणारे नोझल बघितले नाहीत, तेल मोजायची काडी काढून तेलाचा वासही घेतला नाही. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल काढून त्याहून जाड तेल भरलं आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे दोन वायसर (गोल चकत्या) टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर काटा सहावर. ड्रायव्हर खूश, मालक खूश.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, तरी सांगतो. रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीचा दाब सोडून देण्यासाठी असतो. थंड तेलाला आणि मोठ्या रेसला तो उघडतो. गरम आयडलला तो बंदच असतो. तेव्हा वायसर टाकून फक्त सकाळचा काटा वर जातो, जिथे दुखणं होतं तिथे काडीचा फरक पडत नाही. जाड तेलाने चार दिवस झाकलं गेलं इतकंच. मूळ दुखणं असं की दोन नोझल टपकत होते. न जळलेलं डिझेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, उतरून चेंबरात जात होतं आणि तेल पातळ करत होतं. तेलाची पातळी काडीवर कमी होण्याऐवजी वाढत होती. वाढती पातळी बघून ड्रायव्हरला वाटलं, इंजिन तेल खात नाही.

तीन आठवड्यांनी चिपळूणहून जांभ्या चिऱ्यांची भर घेऊन कुंभार्ली घाट चढताना पिस्टन क्रँकला जोडणारा तिसरा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. क्रेनने ओढून गाडी आमच्या दारात आणून टाकली. इंजिन कोणी बांधलं, तर आम्ही.

मी सगळ्यांसमोर उघडलं. चेंबरात उरलेल्या तेलाला डिझेलचा भक्कन वास. स्प्रिंग काढली, वायसर हातात दिले. मालकांनी ते बघितले आणि म्हणाले, "मिस्त्री, दोन वायसरनी इंजिन फुटतं का?" वायसरनी फुटत नाही. वायसरनी खोटं बोललेल्या काट्यावर विश्वास ठेवला की फुटतं. हे मी तेव्हाही सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आमच्याच व्यवसायातले चार जण बैठकीला होते, सगळ्यांना खरं कळत होतं, एकाने तोंड उघडलं नाही. ते मी विसरलेलो नाही.

मालकांना एक लाख ऐंशी हजार भरून दिले. घरातलं सोनं पतसंस्थेत तारण गेलं. आणि त्या नव्या गॅरेजवाल्यांनी स्टँडपासून टोलनाक्यापर्यंत सांगितलं की आमच्याकडचं इंजिन तीन महिने टिकत नाही. फेब्रुवारी आणि मार्च, ऐन हंगामात, आमचा खड्डा रिकामा होता. दोन पोरं सोडून गेली. धाकट्या भावाने शेड सोडायचं काढलं होतं, भाड्याची नोटीसही लिहून झाली होती.

तेव्हा पाटणकडचे आबा आले. एकच गाडी, स्वतः चालवायचे, पहिल्या वर्षापासून आमचे गिऱ्हाईक. म्हणाले, "मिस्त्री, माझं इंजिन उघडा."

मी म्हटलं, "आबा, अजून वर्षभर जाईल ते. परवाच प्रेशर बघितलंय."

"जाईल की. पण आत्ता उघडा. रस्त्यावरनं दिसलं पाहिजे उघडलेलं."

बारा दिवस त्यांची गाडी बॉनेट उघडी टाकून दारात उभी राहिली. ते रोज सकाळी येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारायचे. तेराव्या दिवशी दुसरी गाडी आली. आबांनी पूर्ण बिल दिलं, एक रुपया कमी केलेला चालला नाही.

त्याच महिन्यात रजिस्टर सुरू केलं. इंजिन बाहेर पडताना तीन आकडे: थंड आयडल, गरम आयडल, गरम असताना दोन हजार आरपीएमला. शेजारी तेलाचा ग्रेड, ड्रायव्हरची सही, आणि त्याची एक प्रत गाडीच्या कागदांत. आज हे काही जण करतात. तेव्हा आमच्या रस्त्यावर कोणी करत नव्हतं आणि लोकांना ते नखरे वाटायचे.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना आता थोडं सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. काटा तेल किती आहे ते सांगत नाही. पंपाने ढकललेल्या तेलाला पुढे किती अडथळा होतो ते सांगतो. बेअरिंग झिजलं, फट वाढली, तेल सहज निसटलं की काटा पडतो. उलट एखाद्या बेअरिंगचं भोक कचऱ्याने बंद झालं तर काटा वरच राहतो आणि ते बेअरिंग उपाशी मरतं. म्हणून नुसता उंच काटा बघून निवांत होऊ नका. सकाळचा आकडा विसरा, तो जाड तेलाचा आहे. तासभर भरलेली गाडी चालवा, मग आयडलला बघा आणि मागच्या महिन्याशी ताडून बघा. जुन्या मीटरवर आकडे पौंडात असतील तर साधारण चौदा पौंडाचा एक किलो धरा, आणि हजार आरपीएमला दहा पौंड हा जुना हिशोब अजून कामाला येतो. वळणावर किंवा चढाला काटा थरथरला तर आधी तेलाची पातळी बघा, ऑइल पंपाची जाळी हवा ओढत असते. सेन्सर खराब होतो हे खरं, पण आधी साधं मीटर लावून खात्री करा, मगच सेन्सर बदला. आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ नका. बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या किलोच्याही खाली गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगचं जे व्हायचं ते होत आलेलं असतं. जागेवर चावी बंद करा.

शेड आता आमच्या मालकीचं आहे. सोनं २०१२ मध्ये सोडवलं. ते दुसरं गॅरेजही आहे, बोर्ड आणखी मोठा झालाय. ते दोन वायसर मी तारेत ओवून जुन्या मीटरच्या खिळ्यालाच अडकवलेत.

त्या मालकांच्या गाड्या आजही रोज आमच्या समोरून जातात. मालक कधी थांबले नाहीत. त्यांचे ड्रायव्हर मात्र रात्री नऊनंतर गाडी बाजूला घेतात, गरम इंजिनावर आमचं मीटर लावून घेतात आणि म्हणतात, "मालकांना सांगू नका, मिस्त्री." मी सांगत नाही, पैसेही घेत नाही. आकडा मात्र गाडीच्या नंबरासकट रजिस्टरला लिहून ठेवतो.