आत्याच्या फळ्यावरचा समुद्र

आमच्या आत्याने इंदूरला मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी एक आकृती फळ्यावर यायचीच, आधी समुद्राचा कडा, मग लाटांनी कोरलेली गुहा, मग गुहा आरपार होऊन झालेली कमान, आणि शेवटी कमानीचं छत कोसळल्यावर पाण्यात एकटा उभा राहिलेला खांब, सागरी स्तंभ. मी पण तिच्याच वर्गात होते, माझ्या वहीत पण ती आकृती होती. पण असा स्तंभ आत्याने स्वतः कधीच बघितला नव्हता. या मार्चमध्ये बघितला आणि तेव्हा मी शेजारी उभी होते, म्हणून लिहितेय.

आतेभाऊ मेलबर्नला असतो, त्याच्याकडे आम्ही दोघी गेलो होतो. त्याला सुट्टी नव्हती, मग मी म्हटलं की ग्रेट ओशन रोड, म्हणजे तिकडचा समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता, आपण दोघीच करू, गाडी मी चालवते. तिकडे पण आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच हात बसला. आत्याने दशम्या, लसणाची चटणी आणि घरून आणलेली सेव असा डबा घेतला (सेव विमानतळावर फॉर्मवर लिहून दाखवली होती, त्यांनी पाकीट बघितलं आणि जाऊ दिलं).

टॉर्कीपासून तो रस्ता सुरू होतो, साधारण 240 किलोमीटर. लॉर्नच्या आधी रस्त्यावर एक लाकडी कमान लागते, तिथे उतरलो. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी हा रस्ता बांधला, 1919 ला काम सुरू झालं आणि 1932 ला संपलं, तीन हजारांवर माणसं, कुदळ-फावड्याने कडे फोडत, आणि तेही युद्धात गेलेल्या आपल्याच सोबत्यांची आठवण म्हणून. आत्या बराच वेळ त्या लाकडाला हात लावून उभी होती. मला म्हणाली, अगं, स्मारक असावं तर असं, लोकांच्या रोज उपयोगी पडणारं.

लॉर्न ते अपोलो बे हा तुकडा मी जन्मात विसरणार नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला सरळ समुद्र, मध्ये काहीच नाही, वळणावर वळणं, मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला थांबायला जागा केलेल्या आहेत, मी प्रत्येक ठिकाणी थांबले कारण आत्याला बघू द्यायचं होतं. आपण नर्मदेकाठची माणसं, पाणी म्हटलं की महेश्वरचा घाट आणि पलीकडे दिसणारा काठ. इथे पलीकडे काठच नाही, थेट अंटार्क्टिका. पहिल्या थांब्याला काच खाली केल्याबरोबर तिच्या तोंडून आपसूक निघालं, नर्मदे हर!

केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडावर कोआला दिसला, झोपलेला, फांदीच्या बेचक्यात पार मुटकुळं करून.

ट्वेल्व्ह अपॉसल्सला (म्हणजे 'बारा शिष्य', समुद्रात उभे असलेले ते सागरी स्तंभ) पोचलो तर धुकं. म्हणजे इतकं की कठड्यापलीकडे नुसतं पांढरं आणि खालून लाटांचा आवाज. पावसाची भुरभुर चालू, लोक पाच मिनिटं थांबून परत जात होते. मला रडूच यायला लागलं, इतक्या लांबून तिला आणलं आणि हे असं. आत्या शांत होती, म्हणाली समुद्र कुठे पळून जातोय, उद्या येऊ. पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम होताच, सकाळी सातला परत निघालो.

आणि सकाळी सगळं स्वच्छ! पिवळट चुनखडीचे ते खांब पाण्यात उभे, बुडाशी फेस. नाव बारांचं आहे पण बारा कधी नव्हतेच, आधी नऊ होते, 2005 मध्ये एक कोसळला आणि आठ उरले. आत्याने एक शब्द काढला नाही. मग हळूच बोटाने हवेत रेघ ओढायला लागली, हा कडा, इथून आत गुहा, इथे कमान, बघ, आणि मग तो. अगदी वर्गात खडू धरायची तसंच बोट धरलं होतं.

पुढे लॉक आर्ड गॉर्ज, म्हणजे समुद्राकाठच्या कड्यांमधली घळ. 1878 मध्ये लॉक आर्ड नावाचं इंग्लंडहून निघालेलं जहाज मेलबर्न जवळ आलेलं असताना इथे खडकावर फुटलं, 54 पैकी दोनच वाचले, टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकल. तिचा आवाज ऐकून टॉम परत पाण्यात शिरला, तिला काठावर आणलं, मग कडा चढून मदत शोधायला गेला. वर बुडालेल्यांच्या कबरी आहेत, तिथे आत्याने चपला काढून हात जोडले. खाली वाळूवर उतरलो तेव्हा तिने भिंतीवर बोट घासलं, बोटाला पिठासारखा भुगा लागला, तो मला दाखवत म्हणाली, इतका मऊ दगड आहे म्हणून हे सगळं होतं गं, तीस वर्षं मी नुसतं "मऊ खडक" म्हणत आले.

तिथेच समोर आधी एक पूर्ण कमान होती. 2009 मध्ये तिचं छत पडलं आणि दोन स्तंभ उरले, त्यांना टॉम आणि इव्हा अशी नावं दिली आहेत. बोर्डावरचं हे मी वाचून दाखवलं तेव्हा आत्याचे डोळे भरून आले. फळ्यावरची शेवटची पायरी खरोखर घडलेली, तीही ती शाळेत शिकवत असतानाच, आणि इकडे आम्हाला पत्ता नाही.

तिने माझा फोन मागून घेतला, दोन्ही स्तंभांचा फोटो काढला आणि स्वतःच्या हाताने जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे काय आहे? कसे तयार झाले? आकृतीसह स्पष्ट करा. गुण 3." इंदूरला तेव्हा पहाट पण झाली नव्हती. दुपारी अपोलो बेला बाकावर बसून दशम्या खात होतो तेव्हा पहिलं उत्तर आलं, एकाने दुकानाच्या बिलबुकाच्या मागे पेनाने आकृती काढून पाठवली होती, कडा, गुहा, कमान, स्तंभ, बाणांसकट. आत्याने फोन दोन बोटांनी मोठा करून नीट तपासली, आणि चटणीचं बोट पुसून लिहिलं, "3 पैकी 3."